वजनावर घेतलेलं मशीन

लेझरचं मशीन विकायला आलेला तो तरुण टाय लावून आला होता. बोईसरच्या उकाड्यात, आमच्या पाट्यांच्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, टाय! मला त्याची दयाच आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटरशिवाय आता कुणाचं काही खरं नाही असं जो तो म्हणत होता. त्याने रंगीत कागद माझ्यापुढे पसरले. प्रकाशाचा किरण म्हणे पाटी जाळत जातो आणि अक्षर उमटतं. कापायचं असेल तर कापतो, कोरायचं असेल तर कोरतो. कॉम्प्युटरवर हवं ते लिहा, बटण दाबा आणि खुशाल चहा प्यायला जा. मी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "वजन किती?"

"मॅडम, लेझरला वजन नसतं."

"लेझरला नसेल हो. मशीनला असेल ना?"

बिचारा कागद उलटेपालटे करून शोधायला लागला. कोपऱ्यात आमचे हे चहा पीत बसले होते, त्यांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. हसत होते मेले. त्या पोराला नव्हे, मला हसत होते. कारण हा प्रश्न माझा नव्हताच. माझ्या सासऱ्यांचा होता, आणि त्यापायी मी त्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली होती. आता तोच प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

ते लेझर मशीन मी शेवटी घेतलं. पण आधी मुंबईला त्यांच्या दुकानात जाऊन, सगळ्यांदेखत, एका कोपऱ्याला हात घालून उचलून पाहिलं. हललं नाही, तेव्हाच हो म्हटलं. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

आमचं दुकान पालघरच्या बाजारात, भांड्यांचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार. मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. भांड्यांच्या धंद्यात सगळं वजनावर चालतं. पितळ वजनावर, तांबं वजनावर, जुनी मोड, म्हणजे फुटकी भांडी, घ्यायची तीही वजनावर. त्यामुळे सासऱ्यांचं जगाबद्दलचं मतही वजनावरच ठरलेलं. जे जड ते चांगलं, जे हलकं ते फसवं. छत्री घ्यायला गेले तरी आधी हातावर तोलणार. चप्पल तोलणार. एकदा डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली तोलून म्हणाले होते, "यात पाणीच हाय."

मला बघायला मनोरला आमच्या घरी आले तेव्हा माझ्या वडिलांनी पोहे जुन्या पितळी ताटल्यांतून दिले. मी समोर मान खाली घालून बसलेली, आणि हा गृहस्थ माझ्याकडे बघायचं सोडून ताटली वरखाली करतोय. मला वाटलं, पोहे आवडले नाहीत. नंतर सासूबाईंनी सांगितलं की परतताना एसटीत बसल्याबसल्या म्हणाले, "घर भारी हाय. मुलगी करायला हरकत नाय." म्हणजे माझं लग्न ताटलीच्या वजनावर जमलं. मी बारावीपर्यंत शिकलेय, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्यात, अक्षर मोत्यासारखं, हे सगळं गेलं खड्ड्यात.

तर, भांड्यांवर नावं घालणं. लग्नसराईत हंडे, कळश्या, टोप, पराती घ्यायला अख्खी किनारपट्टी आमच्याकडे यायची, आणि भांडं घेतलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "नाव घालून द्या." कुणी कुणाला दिलं ते भांड्यावर पाहिजेच. रुखवतात मांडल्यावर चार बायका वाचणार, आणि गावजेवणात भांडी एकमेकांत मिसळली की कुणाचं कुठलं हे त्यावरूनच कळणार. सासरे छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालत. टक टक टक टक. त्यांचं नाव म्हणजे पक्कं काम. चिंच लावा, राख लावा, सून घासून मरेल पण नाव जाणार नाही.

किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळणींची गोष्ट वेगळी. त्यांच्यातल्या जुन्या बायांना वाचता येत नसे, मग नावाशेजारी घराची खूण लागायची. कुणाचा नांगर, कुणाचं वल्हं, कुणाचा मासा. आमची एक जुनी गिऱ्हाईक होती, दांडीची, आवाज असा की भाव करायला लागली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची. तिच्या घराची खूण पापलेट. तिच्या सासूच्या हंड्यांवरही आमच्याच दुकानाचं पापलेट होतं.

सासऱ्यांना दिसेनासं झालंय हे पहिल्यांदा तिनेच पकडलं. मुलीच्या लग्नासाठी हंडा घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तोच हंडा डोक्यावर घेऊन परत. दुकानासमोर आपटला.

"शेट, नाव उलटं घातलाय. हंडा पालथा घालून वाचायचा काय?"

सासरे हंड्याकडे बघत म्हणाले, "घासून झाल्यावर पालथाच घालतेस ना? मंग तवा वाच."

"नि हा काय हाय? मासा हाय का आंबा हाय?"

"मासा हाय."

"याला देठ हाय, शेट!"

बाजार हसला. समोरच्या दुकानदाराने तर मुद्दाम जोरात हसून घेतलं, कारण त्याने नुकतीच विजेवर चालणारी पेनसारखी मशीन आणली होती. गुर्र गुर्र करायची आणि बघता बघता नाव लिहून मोकळी. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागलीच होती.

मोतीबिंदू. घरात हा शब्द काढायची सोय नव्हती. सासूबाईंनी एकदा काढला तर त्या दिवशी ते जेवले नाहीत. एकदा दुकानाबाहेर उभ्या केलेल्या भुशाच्या पोत्याला त्यांनी "या, बसा" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तरी म्हणणार, "मला काय झालंय? मला मुंगीसुद्धा दिसते." भांडीवाल्याला दिसत नाही असं एकदा बाजारात झालं की संपलंच, मोड आणणारा शिसंसुद्धा पितळ म्हणून खपवेल, ही त्यांची भीती. आणि दुसरी भीती म्हणजे त्यांच्या हातचं काम गेलं तर ते कोण? ही दुसरी भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. मला ती त्यांच्या हातोडीच्या आवाजात ऐकू यायची. हल्ली हातोडी थांबत थांबत पडायची.

आणि मला? मला त्या दुकानात बसायचं होतं. सरळ सांगते. मला त्या मधल्या दारापलीकडे जायचं होतं. स्वयंपाकघरात डाळ शिजेपर्यंत मी त्या दाराला पाठ लावून उभी राहायची आणि बाजाराचे आवाज ऐकायची. हे बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जायचे, दिवसभर घरात आम्ही दोघी सासवासुना आणि पुढे एकटे सासरे, चुकीची नावं घालत. मी म्हटलं, मामंजी, मी घालते की नावं. माझं अक्षर चांगलं आहे, चित्र काढता येतं, मासा मासाच दिसेल.

"सुनेच्या हातात हातोडी? बाजारात बसून? बाय काय म्हणेल?"

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या आतेसासूबाई. तारापूरच्या बाजूला चिकूची वाडी, घरचा कारभार एकहाती, नवरा वारल्यावर तो आणखी कडक झालेला. सासरे कुणाला भीत नसत, पण बाय येणार म्हटलं की दाढी करून बसत. आणि बायचा दंडक असा की या घरातली बाई दुकानाच्या पायरीवर दिसता कामा नये. ठोकाठोकी करणं तर दूरच.

यातून वाट काढली सासूबाईंनी, वांगी चिरता चिरता. म्हणाल्या, "हातोडी नको तर मशीन आणा. बाई मशीनवर बसली तर कोण काय बोलतंय? शिलाई मशीनवर बसतातच ना?"

काय डोकं! बाईने हातोडी मारली तर अब्रू गेली, आणि बाईने मशीन चालवलं तर ती उद्योगी. सासऱ्यांनाही ते पटलं. बायलाही पटेल असं वाटलं. ठरलं की मशीन आणायचं आणि मी त्यावर बसायचं. मशीन कामाचं निघालं तर माझी जागा दुकानात पक्की. नाही निघालं तर मी आत आणि दार बंद, कायमचं. हे सासऱ्यांनी बोलूनच दाखवलं.

मशीन निवडायला आम्ही मुंबईला गेलो, सासरे, हे आणि मी. मला नेलं कारण बसायचं मला होतं. दुकानदाराने तीच समोरच्याकडे होती तसली विजेची पेन दाखवली. मी हातात धरली आणि चालवून पाहिली. सुरेख! एका पत्र्याच्या तुकड्यावर मी पापलेट काढलं, शेपटी, खवले, डोळा, सगळं. माझा जीव तिच्यावर जडला. सासऱ्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि तळहातावर तोलली. एकदा या हातावर, एकदा त्या.

"आत काय हाय?"

"मोटर आहे, शेट."

"नाय. आत हवा हाय." मग त्यांनी पत्र्यावरच्या माझ्या पापलेटवर अंगठा घासला. "नि हे नुसतं ओरबाडलंय. आमच्याकडच्या बाया राखेनं घासतात. चार सणांत मासा पळून जाईल."

दुसऱ्या बाबतीत ते बरोबर होते हे मला मान्य करावं लागतं, पण तेव्हा मी दातओठ खात होते. दुकानदाराने आणखी दोन-तीन प्रकार दाखवले. प्रत्येकाला एकच प्रश्न, "वजन किती?" शेवटी तो दुकानदार म्हणाला, "शेट, तुम्हाला नावं कोरायचीत की नांगर टाकायचाय?" त्यावर सासरे उठले ते थेट रस्त्यावर.

मग मला न विचारता त्यांनी जे केलं ते ऐका.

जुनी मोड विकायला ते अधूनमधून बोईसरच्या भंगारवाल्याकडे जात. तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं सामान येऊन पडलं होतं. त्यात एक मशीन. ओतीव लोखंडाचं, हिरवं, पाय हत्तीचे. भंगारवाला म्हणाला, "सेठ, किलो का भाव है. जो चाहिए उठा लो." किलोचा भाव! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सासऱ्यांच्या भाषेत मशीन विकत होतं. हे कसलं मशीन, असं त्यांनी विचारलं. अक्षरं कोरायचं, असं उत्तर आलं. एवढं बास. त्यांनी कोपऱ्याला हात घालून उचलून पाहिलं, हललं नाही, आणि त्यांचा जीव गार झाला.

टेम्पोतून ते उतरवायला अर्धा बाजार लागला. दुकानातली फरशी तडकली. सासरे म्हणाले, "बघितलंत वजन?" सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी मशीनपुढे स्टूल घेऊन बसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी दुकानात बसले होते. समोरचा दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून बघत होता. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

त्या मशीनला दोन हात. एका बाजूला पितळी पट्ट्यांवर कोरलेली अक्षरं ओळीने लावायची आणि त्यांच्या खाचेतून एक टोक फिरवायचं. तुम्ही इकडे फिरवाल तसं दुसऱ्या बाजूला गरगर फिरणारी सुई तेच अक्षर बारीक करून कोरते. भंगारवाल्याच्या एका पोराने थोडं दाखवलं होतं, बाकीचं मी उलगडलं. बटण दाबलं. घूंऽऽ. सासऱ्यांनी मोठ्या तोऱ्यात पहिली कळशी माझ्यापुढे ठेवली.

मशीनचं टेबल सपाट. कळशी गोल.

मी ती आडवी ठेवली, गडगडली. खाली फडकं लावलं, पुन्हा गडगडली. यांनी दोन्ही हातांनी धरली तर सुई एका जागी टेकली आणि बाकी सगळीकडे हवेत. हंडा ठेवून पाहिला. टोप. तांब्या. आमच्या अख्ख्या दुकानात सपाट असं काही म्हणजे ताट, पोळपाट आणि सासऱ्यांचं डोकं. ते मी तेव्हा मनात म्हणाले, आता लिहून टाकते.

"मंग ताटावर घाल," सासरे म्हणाले.

ताट बसलं. पण अक्षरांचा डबा उघडला तर सगळी इंग्रजी. आम्ही भांड्यांच्या दुकानासाठी असं मशीन घेतलं होतं की जे भांड्यावर लिहीत नव्हतं आणि लिहिलंच तर मराठीत लिहीत नव्हतं! मी कपाळावर हात मारून घेतला. दांडीची ती बाई नेमकी तिथे उभी होती. ती मात्र म्हणाली, "घाल, इंग्रजीत घाल. कोण आपलं म्हणून नेणार तर नाय." एक ताट तिने तसं नेलंसुद्धा. पण खूण नाही म्हणून आठ दिवसांत कटकट करत परत आली. तिच्याच सुनेने ते पंचायतीचं समजून शाळेत देऊन टाकलं होतं.

बाजाराला विषय मिळाला. "शेट, मशीनमध्ये दळण दळून मिळेल काय?" समोरचा तर येताजाता विचारी. सासरे तोंडाने कडक, "लोखंड हाय, कुठं जात नाय," पण पायरीवर बसणं त्यांनी कमी केलं. आणि मला सासूबाईंनी हळूच सांगितलं, "चल गो आत. भाजी चिरायचीय." त्यांचाही आवाज पडला होता. मी आत गेले आणि त्या वांग्यांवर असा राग काढला की त्या दिवशी भाजीऐवजी भरीत झालं. मशीनवर राग, सासऱ्यांवर राग, त्या तडकलेल्या फरशीवर राग. एवढं एकदाचं दार उघडलं आणि तेही एका गोल कळशीपायी बंद झालं!

हे रात्रपाळी करून सकाळी आले. दुकानात मशीनला टेकून दात घासत उभे होते. मध्येच थांबून म्हणाले, "अगं, आमच्या कारखान्यात पंपांवर पाट्या असतात ना, काळ्या, पांढऱ्या अक्षरांच्या? त्या यावरच करतात बहुतेक. आमच्याकडे त्या मुंबईहून मागवतात. येईपर्यंत कुठला पंप कुठला ते खडूने लिहितात."

"पाट्या सपाट असतात?"

"पाट्या गोल कशाला असतील?"

"इंग्रजीत?"

"कारखान्यात मराठीत कोण लिहितंय?"

मी त्यांचा ब्रश ओढून घेतला आणि म्हटलं, आधी चूळ भरा आणि आजच्या आज साहेबांना विचारून या.

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तेव्हा रोज नवी चिमणी उभी राहत होती. प्रत्येक चिमणीखाली पंप, प्रत्येक पंपाला झडप, प्रत्येक झडपेला पाटी. धोका. बंद. चालू. हात लावू नका. हे सगळं इंग्रजीत आणि सगळं सपाट. पाटीचा तो प्लॅस्टिकचा पत्रा दोन थरांचा असतो, वरचा काळा थर खरवडला की खालचा पांढरा दिसतो. यांच्या साहेबांनी सांगितलेल्या पहिल्या पाट्या मी इतक्या दाबून कोरल्या की सुई आरपार गेली आणि ढलप्यांनी माझे केस पांढरे झाले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "एका दिवसात म्हातारी झालीस गो." पण जमलं. पुढे अणुकेंद्राच्या कॉलनीतले लोक दारावर लावायला नावाच्या पाट्या सांगू लागले आणि मी मशीनवरून उठेनाशी झाले. भंगारवाल्याकडून किलोच्या भावात आणलेलं ते धूड एकदाही बिघडलं नाही. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी हे ठरवूनच घेतलं. वजन बघून." ठरवून! मी पुढची पाटी घ्यायचे.

पण भांड्यांवरची नावं? ती तशीच राहिली होती. सासरे छिन्नी घेऊन बसत आणि नावं आणखी तिरकी जात. लोक आता स्पष्ट बोलत नसत, नुसते समोर जात.

एका दुपारी ते आत झोपले होते आणि कुणीतरी कळशी घेऊन आलं. मी मशीनमागे बसलेले. इकडेतिकडे पाहिलं. त्या धुडामागे बसलं की रस्त्यावरून माझं डोकंसुद्धा दिसायचं नाही. मी त्यांची छिन्नी घेतली, हातोडी घेतली, मशीनचं बटण दाबून ठेवलं म्हणजे घूं आवाज चालू राहील, आणि कळशी मांडीत घेऊन नाव घातलं. ठिपक्या-ठिपक्यांनी, त्यांच्यासारखं. हात दुखला, अंगठ्यावर एक हातोडी बसली, पण नाव सरळ आलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात मी मशीन रिकामं फिरवत ठेवून मागे हातोडी चालवण्यात तरबेज झाले. सासरे गल्ल्यावर बसलेले असायचे. त्यांना टकटक ऐकू येत नसेल? सगळा जन्म त्या आवाजात गेलेला माणूस तो!   एवढंच व्हायचं, भांडं माझ्याकडून घेऊन गिऱ्हाइकाला देताना ते नावावरून हळूच बोट फिरवायचे.

आणि मग लग्नसराईच्या ऐन गर्दीत बाय आली.

नातीचं लग्न होतं, भांडी घ्यायला स्वतः आली होती. कुणी निरोप दिला नाही, त्यामुळे सासऱ्यांची दाढीसुद्धा झालेली नव्हती. दांडीची ती बाई धाकट्या मुलीचा हंडा घेऊन खोळंबली होती आणि मी मशीनमागे तिच्या हंड्यावर मासा घालत होते. आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली. मशीनचा घूं थांबला. भर बाजारात माझी एकटीची टकटक.

मी वर पाहिलं तर मशीनच्या वरून डोकावून बाय माझ्याकडे बघत होती. मांडीत हंडा, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, पदर खोचलेला. माझा हात तिथेच थांबला. आता संपलं, मी मनात म्हटलं. आता भाजी चिरायची, जन्मभर.

बाय सासऱ्यांकडे वळली. समोरचा दुकानदार गिऱ्हाईक टाकून पायरीवर आला होता. दांडीची बाई गप्प झाली होती, हे तर कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"बाळा," बाय म्हणाली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तुझी सून इथं बसून ठोकाठोकी करते. तुझ्या नाकासमोर. तुला दिसत नाय?"

सासरे गल्ल्यावरून उठले. कोपरीच्या गुंड्या चाचपल्या. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील.

"नाय," ते म्हणाले.

"काय नाय?"

"दिसत नाय, बाय. मला मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. लई दिवस झाले."

आतल्या दारात सासूबाईंच्या हातात चिमूटभर रांगोळी की पीठ की काय होतं ते खाली सांडलं. भरबाजारात, समोरच्याच्या देखत, ज्या शब्दावरून हा माणूस उपाशी राहिला होता तो शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने काढला होता.

बाय पायरीवर बसलीच. सगळा ताठा उतरला. "अरे, मंग सांगायचं नाय?" असं काहीतरी म्हणाली. मग, अजून हार न मानता, "मंग नावं कोण घालतं?"

"मला काय ठाऊक? आवाज येतो. कोणतरी घालतं. भांडं घेऊन परत कोण येत नाय, म्हणजे बरी घालत असंल."

एवढं बोलून त्यांनी मशीनच्या दिशेला तोंड केलं. मी बसले होते त्याच्या जरा बाजूलाच, भिंतीकडे.

"थांबलीस कशाला गो?" ते भिंतीला म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी हातोडी उचलली. मला हंडा धड दिसत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसलंही नाही. शेपटी राहिली होती तेवढी घातली. बायने तिथेच पायरीवर बसून पाणी मागितलं आणि प्यायली, पण मला काही म्हणाली नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही.

दांडीच्या बाईने हंडा माझ्याकडून घेतला. बाहेर उजेडात नेला, फिरवून पाहिला, अंगठा घासून पाहिला. मग तो तशीच सासऱ्यांपुढे घेऊन आली, त्यांचं बोट धरलं आणि त्या ठिपक्यांवर ठेवलं.

"बघ शेट," ती म्हणाली. "हा मासाच हाय."